कंपनी सुटल्यावर, जेवणाआधी : अंबडमधलं एचआयव्ही तपासणी शिबिर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझी खानावळ आहे. महिनेवारीवर जेवणारी पोरं बहुतेक बाहेरगावची. सुरगाणा-पेठची, जालना-बीडची, आणि निम्म्याहून जास्त बिहार-यूपीची. खानावळीला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिथे एका संस्थेने सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाचं शिबिर लावलं, आणि तेव्हापासून ते अधूनमधून लावतात. शेडचं भाडं मी घेत नाही आणि त्यांच्याकडूनही मला काही मिळत नाही. तपासणी मी स्वतः करून घेतली, पोरांच्याच रांगेत उभी राहून. हॉटेलांबद्दल, मोबाइलबद्दल सगळेच लिहितात. या सेवेबद्दल कुणी लिहीत नाही, कारण लिहिलं की पहिला प्रश्न येतो, तुम्ही तिथे कशाला गेला होतात? म्हणून मी सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. तपासणी चांगली, समजावून सांगणं त्याहून चांगलं, आणि वेळ अगदी बरोबर निवडलेली. पण शिबिरातून पुढे जिथे पाठवतात ती वाट कामगाराच्या सोयीची नाही. ती सुधारली नाही तर शिबिराची निम्मी मेहनत वाया जाते.

वेळेचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणार नाही. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते हे माझ्याकडच्या बऱ्याच पोरांना माहीत होतं. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असं त्याचं नाव, सगळे आयसीटीसीच म्हणतात. जिल्हा रुग्णालयात आहे, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आहे. पण ते दिवसा चालतं, आणि दिवसा पोरगा मशीनवर असतो. खाडा झाला की रोज बुडतो, शिवाय सुपरवायझरला कारण सांगावं लागतं. काय कारण सांगणार? एका कंपनीने मागे गेटच्या आतच असं शिबिर ठेवलं होतं. शेजारी एचआरचे साहेब खुर्ची टाकून बसलेले. त्या दिवशी हात पुढे करायला कुणी तयार झालं नाही, असं तिथे काम करणारेच सांगतात.

इथे संस्थेची माणसं संध्याकाळी येतात. फर्स्ट शिफ्टची पोरं रूमवर जाऊन, आंघोळ करून जेवायला यायला लागली की यांची टेबलं लागलेली असतात. जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास तसाही गप्पांत जातो, तोच वेळ ते वापरतात. सेकंड शिफ्टवाल्यांसाठी पुढच्या वेळी सकाळी लवकर यायचं त्यांनी कबूल केलं आणि आलेही. उपाशीपोटी यायची गरज नसते, हे मी मुद्दाम लिहितेय. साखर तपासायची म्हणून काही पोरं सकाळपासून न खाता आली होती.

दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे नुसता एचआयव्हीचा बोर्ड लावला नव्हता. वजन, बीपी, साखर, हिमोग्लोबिन, सगळं एकाच रांगेत. त्यामुळे रांगेत दिसणारा माणूस ‘चेकअप’ला आलेला असतो, बाकी काही नाही. आणि हे महत्त्वाचं आहे की चेकअपच्या नावाखाली कुणाचं रक्त गुपचूप एचआयव्हीसाठी तपासलं नाही. ते वेगळं विचारत होते, वेगळी सही घेत होते. एका वयस्कर वेल्डरने बीपी-साखर केली आणि एचआयव्हीला नाही म्हणाला. ठीक आहे काका, कधी वाटलं तर या, इतकंच त्यांनी म्हटलं. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

आता आत काय होतं ते. समुपदेशक मॅडम तिशीतल्या असतील. त्यांनी मला बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, “मावशी, एचआयव्ही कशाने होतो असं तुम्हाला वाटतं?” मी सांगितलं ते मधे न तोडता ऐकून घेतलं, मग राहिलेलं त्यांनी भरलं. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दुसऱ्याची वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला, म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. डासाने नाही, खोकल्याने नाही, कपड्याने नाही. मी खानावळवाली, मला ताटाचं विचारायचंच होतं. त्या म्हणाल्या, एका ताटात जेवलात, एका पेल्याने पाणी प्यायलात तरी होत नाही. मग हीच गोष्ट त्यांनी बाहेर येऊन सगळ्या पोरांसमोर पुन्हा सांगितली, आणि मी तिथेच जाहीर केलं की माझ्याकडे कुणाचंही ताट वेगळं लागणार नाही, ज्याला ते चालणार नाही त्याने दुसरी खानावळ बघावी.

मग त्यांनी गेल्या तीन महिन्यांबद्दल विचारलं. लागण झाल्यावर लगेच तपासणीत दिसत नाही, मधे काही आठवडे जातात. त्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. हे त्यांनी पाटीवर रेघ मारून दाखवलं. आणि नुकताच धोका झाला असेल, म्हणजे वापरलेली सुई टोचली, निरोध फाटला, जबरदस्ती झाली, तर तीन महिने वाट बघत बसायचं नाही. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं, जितकं लवकर तितकं चांगलं, तिथे डॉक्टर २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स सुरू करू शकतात. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री दहाला कंपनीतून एकट्या घरी येणाऱ्या बायांना तर हे माहीत असायलाच हवं.

सही घेण्याआधीचा त्यांचा शेवटचा प्रश्न असा, “रिपोर्टमध्ये काही निघालं, तर आज घरी जाऊन कुणाशी बोलाल?” मला तपासणीची भीती नव्हती, तरी उत्तर द्यायला वेळ लागला. शेवटी मोठ्या बहिणीचं नाव सांगितलं. मागाहून कळलं की हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारतात, आणि ज्याच्याजवळ एकही नाव नसतं त्याच्या हातावर संस्थेच्या कार्यकर्त्याचा नंबर आणि १०९७ लिहून देतात. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, फोन फुकट लागतो.

तपासणीला वेळ फार लागत नाही. अनामिकेच्या टोकाला कडेने स्पिरिट लावतात, ते सुकू देतात, सुई टोचतात. पहिला थेंब कापसाने पुसून पुढचा थेंब बारीक नळीने उचलून कार्डाच्या खळग्यात सोडतात, वर औषधाचे थेंब. सुई प्रत्येकाला नवी, आणि वापरलेली लगेच जाड प्लास्टिकच्या डब्यात. हे मी प्रत्येक वेळी बघितलं, कारण माझ्या जागेत आहे. मग वीसेक मिनिटं थांबायचं. कार्डावर एक रेघ तर उमटलीच पाहिजे, तिच्यावरून कार्ड नीट चाललंय हे कळतं. ती नाही उमटली तर ते कार्ड बाद, पुन्हा नव्याने तपासायचं.

निकाल सांगायची पद्धत मला सगळ्यात आवडली. कार्ड कुणाला दिसत नाही. नावाने हाक नाही, नंबराने. आणि निकाल काहीही असो, प्रत्येकाला आत बोलावतात आणि प्रत्येकाला जवळपास सारखाच वेळ बसवतात. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, निगेटिव्हवाल्यांना पाच-सात मिनिटं काय सांगत बसतात, बाहेर रांग तुंबलीय. मग लक्षात आलं. पटकन सुटला तो ‘चांगला’ आणि जास्त बसला तो ‘तसला’, असा हिशेब बाहेरच्या बाकावर पाच मिनिटांत मांडला गेला असता. त्या रात्री जेवायला बसलेल्यांत कुणाचं काय निघालं हे कुणालाच कळलं नाही. मलाही नाही.

ही गुप्तता किती घट्ट आहे ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. एक लेबर ठेकेदार आला. शिबिराची माणसं सामान नेण्यासाठी थांबली होती. ठेकेदार म्हणाला, माझी एवढी पोरं काल तपासली ना, मग यादी द्या, कंपनीला मलाच उत्तर द्यावं लागतं. मॅडमनी आवाज चढवला नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, हे सांगितलं. तपासणी माणसाच्या संमतीनेच होते, निकाल त्याचाच असतो, नोकरी देण्यासाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं हा भेदभाव धरला जातो. ठेकेदार जरा घुटमळला. मग त्याने विचारलं, माझी स्वतःची करायची असेल तर? त्याला पुढच्या शिबिराची तारीख मिळाली.

मी इतकं जीव लावून का लिहितेय, तेही सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यात, आग्रा रोडपासून जवळच. २००० च्या आसपास आमच्या आळीतला एक ट्रकवाला आजारी पडला. ‘त्याला ते झालंय’ एवढंच लोक म्हणायचे. तपासणी कुठे होते ते कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. सरकारने मोफत औषधं द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात केली, तीही देशातल्या आठच रुग्णालयांत; महाराष्ट्रात मुंबईचं जेजे. तोवर तो गेलेला होता. त्याची बायको त्यानंतर काही वर्षांनी गेली. तिला स्वतःची तपासणी करून घे असं कुणीही म्हटलं नाही, आणि गावाने तिला पाण्याच्या टाकीपासून लांब उभं केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आज एवढं बदललंय की त्या दोघांसाठी जीव तुटतो. २०१७ पासून आपल्या देशात निदान झालं की लगेच उपचार सुरू करायचे असं धोरण आहे, आजार बळावायची वाट बघायची नाही. औषध सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार मिळतात तिथे, मोफत; बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्यात येणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मागे उभा असलेला एक पोरगा म्हणाला, “मतलब शादी भी कर सकते हैं?” त्यांनी हो म्हटलं, जोडीदाराला सांगून, आणि मूलही होऊ शकतं. उपचार नसतील तर बाधित आईच्या शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, आणि वेळेवर उपचार झाले तर ते प्रमाण पाचाच्या खाली येतं. म्हणून गरोदर बाईने दवाखान्यात नाव नोंदवलं की ही तपासणी करतातच.

आता उणिवा, आणि त्या मी त्यांच्या तोंडावरही सांगितल्यात.

पहिल्या वेळी समुपदेशनाच्या जागेला नुसता पडदा होता. पत्र्याची शेड, बाजूला पोळ्यांचा तवा, तरी बोलणं बाहेर ऐकू येत होतं. पडद्याआड माणूस खरं बोलत नाही. संमतीचा फॉर्म फक्त मराठीत होता, आणि छपरा-सिवानच्या पोराला मराठी वाचता येत नाही. त्यांच्या कार्यकर्त्याने हिंदीत, थोडं भोजपुरीतही वाचून दाखवलं हे खरं, पण सही करणाऱ्याला स्वतः वाचता आलं पाहिजे. सुरगाण्याच्या पोरांशी मात्र त्यांचा एक माणूस त्यांच्याच बोलीत बोलत होता, आणि ती पोरं मोकळी झालेली मी बघितली.

बायामाणसं कमी आली. पॅकिंगला जाणाऱ्या बायका कंपनी सुटली की मुलांना घ्यायला आणि स्वयंपाकाला पळतात, संध्याकाळी सातला पुरुषांच्या रांगेत त्या उभ्या राहणार नाहीत. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही त्यांच्या चाळीत दुपारी या, सुट्टीच्या दिवशी, आणि तिथे बाईच तपासणारी असू द्या. त्यांनी ऐकलं आणि एकदा तसं केलंही. त्या दिवशी आलेल्यांपैकी काहीजणी नवऱ्याला घेऊन आल्या, ते बघून फार बरं वाटलं. पण ते नेहमी व्हायला हवं.

आणि आता मूळ दुखणं. शिबिरात एकाच कार्डावर तपासतात, ही पहिली चाळणी. त्यात दोन रेघा आल्या तर त्याला रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात, पॉझिटिव्ह नाही. पक्कं निदान आयसीटीसीतच होतं. तिथे हाताच्या शिरेतून रक्त घेतात आणि ते तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात, तिन्ही जुळली तरच पॉझिटिव्ह. पद्धत बरोबर आहे, एका कार्डावर कुणाचं आयुष्य ठरू नये. पण या दोन तपासण्यांच्या मधे जे दिवस जातात, ते त्या माणसाला एकट्याने काढावे लागतात.

माझ्याकडचा एक पोरगा स्वतःहून मला सांगायला आला. त्याला विचारून लिहितेय, आणि त्याचं गाव, कंपनी, काम, सगळं गाळून. त्याला केंद्रावर जायची चिठ्ठी मिळाली. पहिल्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. नंतर अर्ध्या दिवसाची मिळाली, त्यात बस बदलून पोचेपर्यंत रक्त घ्यायची वेळ संपलेली. कोणतं केंद्र ते लिहीत नाही, तिथल्या माणसांवर कामाचा बोजा किती असतो ते दिसतं. उद्या सकाळी या, म्हणाले. उद्या सकाळी म्हणजे आणखी एक खाडा. तो आठवडा तो पोरगा जेवायला यायचा आणि ताट तसंच ठेवून उठायचा. शेवटी संस्थेचा कार्यकर्ता पहाटे त्याच्या रूमवर गेला, स्वतःच्या गाडीवर बसवून केंद्र उघडायच्या वेळेला घेऊन गेला, रिपोर्ट हातात पडेपर्यंत सोबत बसला आणि परत कंपनीच्या गेटवर सोडलं. रिपोर्ट काय आला ते इथे येणार नाही, तो त्याचा आहे. पोरगा अजून माझ्याकडे जेवतो.

हा कार्यकर्ता भला होता म्हणून निभावलं. पण व्यवस्था एका भल्या माणसाच्या मोटारसायकलवर चालू नये. ज्याला सोबत मिळाली नाही तो चिठ्ठी खिशात घालून गावाकडची गाडी पकडतो, आणि मग त्याला शोधणार कोण? अंबड-सातपूरमधला कामगार एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातो, रूम बदलतो, सिमकार्ड बदलतो. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला आलेली मजूर मंडळी छाटणी किंवा तोडा संपला की परत डोंगरात. पक्की तपासणी त्याच संध्याकाळी नाही तरी त्याच आठवड्यात, त्याच जागी झाली पाहिजे.

हे अशक्य नाही. फिरतं आयसीटीसी, म्हणजे गाडीतच समुपदेशक, तंत्रज्ञ आणि तिन्ही किट, ही सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. शिबिरानंतर दोन-तीन दिवसांत ती गाडी संध्याकाळी सात ते नऊ अंबडला उभी राहिली तर कुणाचा खाडा होणार नाही. मोठ्या कंपन्यांनाही सांगणं आहे. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे तक्रार अधिकारी नेमायचं या कायद्यातच आहे, त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावा. आणि शिबिरात रांगेत साहेब लोकही उभे राहिले तर उत्तमच.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा त्या गाडीसाठी राखून ठेवलाय. शेडमध्ये आता पडदा नाही, प्लायचं पार्टिशन आणि कडीचा दरवाजा मी बसवून घेतलाय, पंखा आहे, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. समोर गाडी उभी करायला जागा आहे. पुढच्या शिबिराची तारीख खानावळीच्या फळ्यावर रोजच्या भाजीखाली लिहिलेली असते. जेवायला आला नाहीत तरी वाचायला या.